शिंगवाल्या सापाची पिल्लं

हरणटोळ तुम्ही पाहिला असेल, निदान चित्रात तरी. हिरवागार, टोकदार नाकाचा. तसाच हिरवा, पण नाकावर चक्क शिंग असलेला एक साप उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिण चीनच्या डोंगरी जंगलांत, ओढ्याकाठच्या झाडांवर राहतो. इंग्रजीत त्याला ‘रायनो रॅटस्नेक’ म्हणतात; आपण गेंडासाप म्हणू या! फ्रांस्वा मोकार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९७ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. साप बिनविषारी. शिंग म्हणजे हाड नव्हे, खवल्यांनी मढवलेला मऊसर कोंब. तो कशासाठी? शास्त्रज्ञांनाही अजून नक्की सांगता आलेलं नाही.

युरोप-अमेरिकेत काही हौशी लोक हा साप पाळतात. (आपल्याकडे मात्र धामण घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बरं का!) जंगलातून पकडून आणलेले साप प्रवासात सुकतात, पोटात जंत असतात, खाणं सोडतात आणि मरतात. त्यापेक्षा पिंजऱ्यातच पिल्लं जन्मलेली बरी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातही ती जन्मली आहेत.

साप म्हटलं की ऊब हवी, असं आपल्याला वाटतं. पण हा पडला डोंगरातला गडी! कडक उकाडा त्याला सोसत नाही. उंच, फांद्यांनी भरलेला पिंजरा आणि पाण्याचा फवारा हवा. हिवाळ्यात तर मुद्दाम आणखी गारवा देतात. एप्रिल-मेमध्ये जोडी जमते आणि पुढे मादी ५ ते १० अंडी घालते.

आता खरी धाकधूक. कोंबडी अंडी उलटीपालटी करते ना? इथे तसं केलं तर आतला जीव दगावू शकतो, कारण गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो. म्हणून अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ते जसंच्या तसं दमट जागी ठेवायचं. सुमारे ६० दिवसांनी फूटभर लांबीचं पिल्लू इवल्याशा दाताने कवच चिरून डोकं बाहेर काढतं.

आणि बाळराजे जेवायलाच तयार नसतात! उंदराच्या पिल्लाकडे पुष्कळदा ढुंकूनही पाहत नाहीत. मग वाटीत गप्पी मासे सोडून पाहतात. ते पटकावले, की पुढे उंदराच्या पिल्लालाच माशाचा वास चोळून द्यायचा. आहे की नाही फसवाफसवी? तुमच्या आईने भाजी पोळीत लपवावी, तशीच!

पिल्लू असतं तपकिरी-करडं. मग ते पोलादी होतं आणि साधारण दोन वर्षांत हिरवं. काही मात्र मोठे झाले तरी करडेच राहतात. शिंग तेवढं पहिल्या दिवसापासून असतं, अगदी चिमुकलं.