लहान खोली, मोठा ट्रक आणि मधली फट

एक खोली डोळ्यांसमोर आणा. दोघांना झोपायला गादी, दोन बर्नरची शेगडी, हात धुवायला बेसिन, पाण्याची टाकी, लहानसा फ्रीज आणि छताला झरोका. आता ही अख्खी खोली पिकअप ट्रकच्या हौद्यात ठेवा आणि हजार किलोमीटरवरच्या डोंगरात घेऊन जा. खोली ट्रकला वेल्ड केलेली नाही. तिला स्वतःची चाकं नाहीत. मुक्कामी पोचलात की तिचे चार पाय खाली सोडायचे, तिला उभी करायची आणि खालून ट्रक काढून दूध-ब्रेड आणायला निघायचं! अमेरिकेत हिला ट्रक कॅम्पर म्हणतात. तिथल्या अनेक राज्यांत कायद्याच्या लेखी ती गाडीही नाही आणि घरही नाही. हौद्यात विटा टाका, वाळू टाका किंवा ही खोली टाका, सगळा मालच.

लेखक जॉन स्टाइनबेकला १९६२ साली नोबेल मिळालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६० च्या सप्टेंबरात, तो अशाच एका खोलीत आपला चार्ली नावाचा पूडल कुत्रा घेऊन अमेरिका बघायला निघाला होता. ट्रक जीएमसीचा, खोली वुल्व्हरिन कंपनीची आणि दोन्ही मिळून नाव रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोतेच्या घोड्याचं. तो ट्रक खोलीसकट आजही कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावी, नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये बघायला मिळतो.

आता कोडं ऐका. टोयोटा टकोमासारख्या मध्यम पिकअपसाठी बांधलेला एक हलका कॅम्पर आहे. मालकाने टकोमा विकली आणि फोर्ड एफ-१५० घेतली. ही ‘फुल-साइझ’, म्हणजे सगळ्या बाजूंनी मोठी. मोठ्या हौद्यात लहान खोली ठेवायची, त्यात अवघड ते काय? वाटेल की उचलली आणि ठेवली. पण टेप घेऊन मोजायला लागलात, की थक्क व्हायची वेळ येते. लहान आहे म्हणून मावते, पण लहान आहे म्हणूनच बसत नाही!

पहिलं माप रुंदीचं. पिकअपच्या हौद्यात दोन्ही बाजूंनी मागच्या चाकांचे फुगवटे आत आलेले असतात. खोलीचा तळ या दोन फुगवट्यांच्या मधे बसतो. एफ-१५० मध्ये हे अंतर सुमारे ५० इंच आहे. प्लायवूडची चार बाय आठची शीट, म्हणजे ४८ इंच रुंदीची, तिथे सपाट झोपते. अमेरिकेत सुतार आणि गवंडी मोठा पिकअप का घेतात, याचं अर्धं उत्तर या दोन इंचांच्या सैलपणात आहे. टकोमात मात्र बरीच वर्षं हे अंतर सुमारे साडेएकेचाळीस इंच राहिलं. म्हणून तिच्यासाठी बांधलेल्या खोलीचा तळ त्याहून थोडा अरुंद. तो एफ-१५० मध्ये ठेवलात, की दोन्ही बाजूंना चार-चार इंचांहून जास्त जागा मोकळी. घाटातल्या प्रत्येक वळणावर खोलीला डावी-उजवीकडे सरकायला आयतं मैदान! उपाय साधा आहे. हौद्याच्या दोन्ही कडांना लाकडी ठोकळे बसवायचे, म्हणजे खोली मधोमध राहते. ट्रक मागे घेताना तेच ठोकळे वाटाडे होतात.

दुसरं माप उंचीचं, आणि इथे खरी गंमत आहे. मोठ्या ट्रकचा हौदा खोलही जास्त. जुन्या टकोमाचा साधारण १९ इंच, एफ-१५०चा २१ इंचांच्या पुढे. कॅम्परचा तळ अरुंद असला तरी वरचा भाग दोन्ही बाजूंना पंखांसारखा पसरतो आणि हौद्याच्या भिंतींवरून बाहेर येतो. हौदा दोन इंच खोल झाला म्हणजे खोली दोन इंच खाली गेली. मग तळ टेकायच्या आधीच हे पंख भिंतींवर टेकतात आणि सगळं वजन पत्र्याच्या कडांवर येतं. पुढे झोपायच्या गादीचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर छज्ज्यासारखा झुकलेला असतो. तोही केबिनच्या टपाला भिडायला येतो.

भिडला तर काय बिघडलं? पुष्कळ बिघडतं. कधी पिकअपच्या शेजारी उभे राहून बघा. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये बोटभर फट दिसेल. ती कारखान्यात राहून गेलेली नाही, ठेवलेली आहे. साध्या मोटारीचं अंग एकसंध असतं, पण अशा पिकअपची केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. दोघेही खालच्या पोलादी चासीवर आपापले बसवलेले. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की ही एवढी जाडजूड चासी चक्क पिळवटते, आणि केबिन एका बाजूला, हौदा दुसऱ्या बाजूला झुकतो. ती फट क्षणभर रुंद होते, क्षणभर अरुंद. माझ्या मते पिकअपच्या रचनेतली सगळ्यात देखणी गोष्ट ही फटच. खोली हौद्यात बसलेली असते, म्हणून ती हौद्याबरोबर झुकते. तिचा छज्जा केबिनला टेकला, तर दर खड्ड्याला टपावर घाव बसणार. म्हणून टपाच्या वर काही इंच हवा राखावीच लागते.

म्हणजे खोली उचलायला हवी. तिच्या खाली काहीतरी घालायला हवं. आता सांगा, काय घालाल? लोखंडी चौकट? सागवानी फळ्या? अमेरिकेतले अनुभवी लोक घालतात फोम! घराच्या भिंतींत उष्णता अडवायला वापरतात तो गुलाबी किंवा निळा कडक फोम, एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन. एकेकाळी गणपतीच्या मखरांना आपण वापरायचो त्या थर्मोकोलचा हा सख्खा चुलतभाऊ. त्याच्यात प्लास्टिक दोन-तीन टक्के, बाकी सगळा बंदिस्त कप्प्यांत अडकलेला वायू. आणि या वायूवर घर ठेवायचं?

हिशोब करून बघू. बाजारात मिळणारा नेहमीचा प्रकार दर चौरस इंचाला २५ पौंड दाब सोसतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलो. खोलीचा तळ ४१ इंच रुंद आणि सहा फूट लांब धरला, तर क्षेत्रफळ झालं सुमारे १९ हजार चौरस सेंटिमीटर. सामान भरलेली खोली ७०० किलोची धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३७ ग्रॅम! फोमच्या ताकदीचा सुमारे पन्नासावा हिस्साच वापरला जातो. हौद्याच्या तळाला पन्हळी असतात, त्यामुळे फोम सगळीकडे टेकत नाही. रस्त्याचे दणके बसतात ते वेगळेच. म्हणून फोमच्या खाली-वर प्लायवूड घालून भार पसरवतात. हे सगळं धरूनही भरपूर ताकद शिल्लक राहते. शिवाय फोम पाणी पीत नाही आणि खोलीच्या तळाला थंडीपासून वाचवतो. फोमचा सगळा थर एका हाताने उचलून हौद्यात टाकता येतो.

आता लांबी. सहा फुटांचा तळ साडेसहा फुटांच्या हौद्यात ठेवायचा, तर मोकळं अर्धं फूट पुढे सोडायचं की मागे? हा सवाल दिसतो त्याहून फार खोल आहे. बैलगाडीत पोती भरणाऱ्याला तो कुणी शिकवावा लागत नाही: माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रकमध्ये बैलांच्या जागी पुढची चाकं आहेत. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर साधारण १२ फूट. मागच्या आसाच्या बरोबर वर १०० किलो ठेवले, तर सगळे १०० मागच्या आसावर. तेच १०० किलो आसाच्या ४ फूट मागे टांगले तर? मागच्या आसावर १३३ किलो येतात! वरचे ३३ आले कुठून? पुढच्या आसावरून उचलले गेले. तुम्ही ट्रकमध्ये वजन भरलंत आणि ट्रकचं तोंड हलकं झालं. वळवायचं काम त्याच तोंडाच्या चाकांचं, हे विसरू नका.

म्हणूनच खोलीचा गुरुत्वमध्य कुठे आहे याची अमेरिकेत सरकारदरबारी दखल घेतली जाते. कॅम्पर वाहून नेण्याजोग्या ट्रकच्या उत्पादकाने गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल ते सांगायचं, असा केंद्रीय नियम आहे. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे पडावा, हे सगळ्यात उत्तम. लहान खोलीची मोठ्या ट्रकवर इथे मात्र चैन असते. तिला पार पुढे सरकवता येतं, मोकळी जागा दाराशी राहते. फाळका काढला की तिथे पायरी बसते, चिखलाचे बूट राहतात.

पुढे सरकवायचं आणखी एक कारण आहे. जोरात ब्रेक लागला की ट्रक थांबतो, पण खोलीला ते लगेच पटत नाही. ती स्वतःच्या वजनाच्या पाऊण हिश्श्याएवढ्या जोराने पुढे रेटू शकते. तळाशी रबराची चटई घातली तर घर्षण यातला मोठा वाटा झेलतं, उरलेला हौद्याची पुढची भिंत. पण मधे चार इंच फट राहिली असेल, तर खोली त्या फटीत वेग घेऊन भिंतीवर आदळते. तिथे आडवं लाकूड ठोकून फट बुजवणं हे पाच मिनिटांचं काम, पण चुकवू नये असं.

मग बांधणी. चार कोपऱ्यांना चार टर्नबकल: मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं जवळ येतात आणि साखळी ताणली जाते. वजनदार खोल्यांत टर्नबकलांची दुसरी टोकं थेट चासीला जोडतात. काही हलक्या खोल्यांत ती हौद्याच्या तळातल्या हुकांना असतात, आणि खोलीच्या बाजूच्या लहान झडपेतून हात घालून ती आवळायची. एफ-१५०चा हौदा २०१५च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचा आहे, त्यामुळे हुकाखाली रुंद पोलादी पट्टी हवीच. नाहीतर ओढ एका बोल्टवर येऊन पत्रा फाटतो. पहिल्या काही मैलांनंतर गाडी बाजूला घ्या आणि टर्नबकल हाताने हलवून बघा. खोली दणक्यांनी बसलेली असते, साखळी ढिली पडलेली असते. पुन्हा आवळा.

आणि ते चार पाय? त्यांचीही कटकट आहे. जुनी टकोमा सुमारे ७५ इंच रुंद, एफ-१५० जवळजवळ ८०. पायांमधलं अंतर लहान ट्रकच्या मापाचं असेल, तर मोठा ट्रक त्यांच्यामधून मागे येताना चाकांवरचे पत्रे पायांना घासतात. मग पाय बाहेर सरकवणारे ब्रॅकेट बसवावे लागतात. कडेला एक माणूस उभा हवा आणि ट्रक इंचाइंचाने मागे यायला हवा.

शेवटी वजन. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि माल मिळून किती, ते त्यावर लिहिलेलं असतं. एफ-१५० सारख्या ट्रकला आजही ‘हाफ-टन’ म्हणतात, आणि प्रत्यक्षात तो बहुधा त्याहून बराच जास्त भार पेलतो. पण त्या नावाच्या भरवशावर किंवा जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नका. तुमच्या ट्रकवरचं स्टिकर हेच खरं. त्यातून चार माणसं वजा करा, ७५ लिटर पाण्याचे ७५ किलो वजा करा, गॅसचं भरलेलं सिलिंडर, बॅटरी, पुस्तकं, कढई वजा करा.

हा हिशोब नुसता कागदावर ठेवू नका. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात, आणि ते पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलतात. एकदा रिकामा ट्रक न्या, एकदा खोली चढवून, पाणी भरून आणि माणसं बसवून न्या. दोन्ही पावत्या शेजारी ठेवा. मागच्या आसाचा आकडा वाढणारच, तो दाराच्या खांबावर लिहिलेल्या त्या आसाच्या मर्यादेत आहे ना एवढं बघा. पण आधी पुढच्या आसाकडे बघा. त्याचा आकडा रिकाम्या ट्रकपेक्षा कमी झाला असेल, तर निघू नका. सामान पुढे सरकवा आणि पुन्हा तोला.