गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडू नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलीने सायकल सोडायचे ठरवले. दहावीनंतर कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून रोज भंडाऱ्याला कॉलेजात जायचे, यायचे. महिनाभरातच उजवा गुडघा समोरून दुखायला लागला. दादी म्हणाल्या, "पोरीच्या जातीला एवढी दगदग कशाला? घरी बसून परीक्षा देईल." ऑटोचे रोजचे भाडे आमच्या हिशेबात बसत नव्हते. सायकल सुटली असती तर कॉलेज सुटल्यातच जमा होते.

आम्ही दोघे घाबरून शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथे शॉकअपची, एकवीस गिअरची सायकल दाखवली. मुलीची उंची किती, हे मात्र कुणी विचारले नाही. परतताना नेहमीच्या पंक्चरवाल्या चाचांकडे थांबलो. त्यांनी तिला सायकलवर बसवले, पायडल खाली आणले आणि हसले. "सीट दोन इंच खाली आहे, बेटा. तू सायकल नाही चालवत, बसून उठबशा काढते." पान्याने दोन मिनिटांत सीट वर केली, पैसेही घेतले नाहीत. दहा-बारा दिवसांत दुखणे गेले.

आपल्याकडे सायकल घेताना "दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत" म्हणून सीट खाली करून देतात. नवशिक्याला ते ठीक, रोज पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला नाही. माप सोपे आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला हलका बाक उरतो. गुडघा समोरून दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते. मागून दुखत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट वर असते. सीटच्या दांडीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्यावर दांडी काढू नये. सूज असेल, रात्री झोपेतही दुखत असेल तर मात्र पान्याचे काम नाही, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे हवा. किती भरायची तो आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. हवा कमी असली की त्याच रस्त्याला दीडपट दम लागतो आणि आपण दोष तब्येतीला देतो.

मऊ जेलच्या सीटकव्हरचा आम्हाला मोह झाला होता. थोड्या अंतराला ते बरे वाटते. लांब गेलो की बसायची हाडे त्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बायकांची ही हाडे सहसा जास्त अंतरावर असतात, म्हणून त्यांना थोडी रुंद आणि बेताची कडक सीट मानवते. तासाभराहून जास्त चालवणाऱ्यांसाठी पॅडची चड्डी मिळते. ती सलवारीच्या आत चालते, कुणाला दिसत नाही. पण तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते, नाहीतर शिवण घासून सोलवटते. रोज धुवावी लागते, हेही दुकानदार सांगत नाही.

आता ओढणी आणि बुरख्याचे. आमच्या मुलीची ओढणी एकदा पुलावरच मागच्या चाकात गेली. मागून ट्रक नव्हता, अल्लाहचे शुक्र. त्या दिवशी आम्ही पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली. गिअरच्या सायकलींना बहुधा हे दोन्ही नसते, ही त्या महागड्या सायकलीतली खरी उणीव. आता ती ओढणी पिनांनी बांधून घेते, अबायाचा घेर आवरून बसते. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ चालतो, पण डोक्यावर पिना आणि मागे मोठा अंबाडा नको. पडलो तर पिन टोचते आणि अंबाड्यामुळे हेल्मेट पुढे कलते. भुवईच्या वर दोन बोटे, एवढ्यावर ते बसायला हवे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, वरून धड दिसले तरी.

घरातला शौकीन म्हणजे मुलीचे चाचू. वरठीला कामाला सायकलने जातात आणि एखाद्या रविवारी साठेक किलोमीटरवरच्या नागपूरपर्यंत जाऊन येतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेतली सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही 9,000 किलोमीटरहून मोठी शर्यतही. तेव्हापासून चाचूंचा हुरूप वाढला आहे. त्यांनी मसाज गन आणली, पिंडरीला आवळून बसणारे मोजे आणले, डब्यातली पावडर आणली. चोळण्याने ठणका जरा उतरतो, मोज्यांनी थोडाफार फरक पडतो. पण सवय नसताना लांब गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतातच. ते आपले आपण बरे होते. चाचूंना खरा आराम पडला तो रात्री अकराला मोबाइल ठेवून झोपायला लागल्यावर. आल्यावर दोन अंडी किंवा चण्याची उसळ, भात, दूध, खजूर, एवढे त्यांच्या पावडरीच्या जागी पुरते. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुरगळले तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, थेट कातडीवर नाही. वेदनाशामक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब जायचे, हे मात्र आम्ही घरात बंद केले आहे.

रोज्यात मुलगी सायकलनेच जाते, हळू. चाचूंनी लांबचा सराव मगरिबच्या आधीच्या तासावर आणला आहे, म्हणजे उतरल्या उतरल्या पाणी मिळते. विदर्भाच्या उन्हात दुपारी रोजा ठेवून सराव करायचा नाही, यावर दादी आणि डॉक्टर यांचे एकमत आहे.

संध्याकाळी तीच सायकल तिचा धाकटा भाऊ नेतो आणि सीट खाली करतो. सकाळी रोज भांडण. शेवटी मुलीने सीटच्या दांडीवर नेलपॉलिशच्या दोन रेघा ओढल्या, वरची त्याची आणि खालची तिची. आम्ही म्हटले, अगं उलटे झाले ना? तर म्हणाली, सीट वर जाते तशी रेघ खाली दिसते. आम्ही जाऊन पाहिले. बरोबर होते.