दोन तास आणि एक महिना

अंतर मैलांनी मोजावे की काळाने? दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना आणि असेन्शन ही बेटे आपण उदाहरणादाखल घेऊ. त्यांच्या विमानतळांत सुमारे १,३०० किलोमीटर अंतर आहे. विमानाची सरासरी गती ताशी ७०० किलोमीटर धरली, तर हा प्रवास दोन तासांच्या आत आटोपतो. परंतु २०१७ मध्ये येथे विमानसेवा सुरू झाली, ती महिन्यातून एका फेरीची. सेंट हेलेनाची पुष्कळ माणसे असेन्शनवर नोकरीस असतात. समजा, विमान काल गेले आणि आई आजारी असल्याचा निरोप आज आला. तर मुलाने दोन तासांच्या प्रवासासाठी महिनाभर खोळंबून राहावयाचे! म्हणून आम्ही म्हणतो, गावाचे अंतर विचारताना पुढची गाडी केव्हा, हेही विचारावे.