वाळवीपासून घराचे संरक्षण

वाळवीपासून घराचे संरक्षण म्हणजे बांधकामातील लाकूड, लाकडी सामान, पुस्तके आणि कागदपत्रे वाळवीच्या उपद्रवापासून वाचवण्यासाठी केले जाणारे उपाय होत. यांत बांधकामाच्या वेळी घ्यावयाची काळजी, ओलाव्याचे नियंत्रण, नियमित तपासणी आणि गरज भासल्यास कीटकनाशकांचा वापर यांचा समावेश होतो. वाळवी उजेड टाळून लाकडाच्या आतून पोखरत जाते. त्यामुळे नुकसान दृष्टीस पडते तेव्हा ते बहुधा बरेच पुढे गेलेले असते. या कारणाने उपद्रवानंतरच्या उपचारापेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व दिले जाते.

कीटकाची ओळख

वाळवीला काही भागांत उधई असेही म्हणतात. बोलीत तिला पांढरी मुंगी म्हटले जात असले, तरी मुंगीशी तिचे जवळचे नाते नाही. आधुनिक वर्गीकरणात ती झुरळांच्या गणात मोडते. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी थोड्याच जाती इमारतींना उपद्रव देतात. वाळवीच्या वसाहतीत राजा, राणी, कामकरी आणि सैनिक असे वर्ग असतात. लाकूड खाण्याचे आणि इतरांना भरवण्याचे काम कामकरी वाळवी करते. लाकडातील सेल्युलोज पचवण्यासाठी वाळवीला आतड्यातील सूक्ष्मजीवांची मदत होते, तर काही जाती वारुळात बुरशीची लागवड करतात. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी खाद्य अळंबी याच बुरशीची फळे होत.

घराच्या दृष्टीने वाळवीचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत :

भूमिगत वाळवी – हिची वसाहत जमिनीत असते आणि तिला सतत ओलाव्याची गरज लागते. जमिनीपासून लाकडापर्यंत ती माती, लाळ व विष्ठा यांच्या मिश्रणाचे बोगदे बांधते. भारतात ओडोन्टोटर्मिस, कॉप्टोटर्मिस आणि हेटेरोटर्मिस या प्रजातींतील वाळवी घरांमध्ये आढळते.

कोरड्या लाकडातील वाळवी – क्रिप्टोटर्मिस या प्रजातीतील ही वाळवी थेट लाकडातच राहते. तिला जमिनीशी संपर्काची गरज नसते, म्हणून तिच्यावर जमिनीतील उपचाराचा परिणाम होत नाही.

घरात शिरण्याचे मार्ग

जोत्यातील भेगा, फरशी आणि भिंत यांचा सांधा, नळ व विजेच्या वाहिन्यांभोवतालच्या फटी यांतून भूमिगत वाळवी आत येते. तिला अगदी अरुंद फटही पुरते. बांधकामानंतर भरावात राहिलेले सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, न काढलेले झाडांचे बुंधे आणि भिंतीला टेकून रचलेले सरपण यांमुळे वसाहतीला घरालगतच खाद्य मिळते. गळका नळ, स्नानगृहाची ओल आणि भिंतीत मुरणारे पावसाचे पाणी यांमुळे तिला लागणारा ओलावा मिळतो.

लक्षणे

- भिंतीवर, चौकटीच्या कडेने किंवा कपाटाच्या मागे मातीच्या बारीक नळ्या दिसणे.
- लाकडावर टिचकी मारल्यास पोकळ आवाज येणे. दाबल्यास वरचा पापुद्रा आत जाणे.
- पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख असलेले कीटक जमणे आणि सकाळी खिडकीपाशी गळलेल्या पंखांचा खच आढळणे.
- लाकडाखाली सहा कडा असलेले बारीक, कोरडे कण साचणे. हे कोरड्या लाकडातील वाळवीचे लक्षण आहे. पिठासारखा भुसा पडत असेल, तर उपद्रव बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा असतो आणि त्यावरील उपाय वेगळा असतो.

पंख असलेली वाळवी आणि पंख फुटलेली मुंगी यांत पुष्कळदा गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि शृंगिका सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

मातीच्या नळीचा लहानसा भाग मोडून ठेवल्यास उपद्रव चालू आहे किंवा नाही याचा अंदाज घेता येतो. काही दिवसांत नळी पुन्हा बांधली गेली, तर वाळवी सक्रिय असते. ती बांधली न गेल्यास वाळवी नाहीशी झाली असे मात्र समजू नये. तिने दुसरा मार्ग धरलेला असू शकतो.

बांधकामातील प्रतिबंध

माती, ओलावा आणि लाकूड यांचा परस्परांशी संबंध येऊ न देणे हे प्रतिबंधाचे मूळ तत्त्व आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या रचनेत ते दिसून येते. वाड्याचे जोते घडीव दगडाचे व उंच असे आणि लाकडी खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा केला जाई. त्यामुळे लाकडाला जमिनीची ओल लागत नसे आणि वाळवीला वर चढताना उघड्या दगडावरून नळी बांधावी लागत असल्याने ती लगेच नजरेस पडे.

सागवान वाळवीला दाद देत नाही हा समज अंशतः खरा आहे. सागाच्या मध्यकाष्ठातील, म्हणजे गाभ्याच्या लाकडातील, नैसर्गिक द्रव्यांमुळे ते वाळवीला बराच काळ विरोध करते. सालीलगतच्या फिकट रसकाष्ठात हा गुण नसतो. त्यामुळे रसकाष्ठाचा भाग असलेली सागवानी चौकटही पोखरली जाऊ शकते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६३१३ या मानकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात बांधकामातील रचनात्मक उपाय, दुसऱ्यात बांधकामापूर्वीचा रासायनिक उपचार आणि तिसऱ्यात उभ्या इमारतींवरील उपचार दिले आहेत.

रासायनिक उपचार

बांधकाम चालू असताना पायाचे खड्डे, भरावाची माती, फरशीखालचा थर आणि इमारतीचा बाह्य घेर यांवर कीटकनाशकाचे पातळ द्रावण टप्प्याटप्प्याने देतात. फरशीखालच्या पृष्ठभागासाठी दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण असे प्रमाण मानकात आहे. उद्देश इमारतीभोवती अखंड रासायनिक पट्टा तयार करण्याचा असतो. नंतर नळ टाकण्यासाठी किंवा बागेसाठी ही माती उकरली गेल्यास पट्टा तुटतो आणि त्या ठिकाणी पुन्हा उपचार करावा लागतो. माती चिंब असताना किंवा पाऊस पडत असताना हा उपचार करीत नाहीत.

उभ्या घरात भिंत आणि फरशी यांच्या सांध्यालगत सुमारे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून त्यांत द्रावण सोडतात व छिद्रे बुजवतात. क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड आणि बायफेनथ्रिन ही यासाठी वापरली जाणारी प्रमुख कीटकनाशके आहेत.

आमिष पद्धतीत सेल्युलोजमध्ये मंद गतीने काम करणारे द्रव्य मिसळतात. कामकरी वाळवी ते खाऊन इतरांना भरवते. या द्रव्यामुळे कात टाकताना नवे कवच तयार होत नाही आणि वसाहत हळूहळू क्षीण होते. या पद्धतीला वेळ अधिक लागतो, परंतु जमिनीत रसायन फारच कमी जाते.

घरगुती उपाय

नळ्या खरवडून त्यांवर रॉकेल शिंपडणे हा प्रचलित उपाय आहे. त्याने समोरची काही वाळवी मरते. जमिनीतील वसाहत तशीच राहते आणि घरात आगीचा धोका निर्माण होतो. लाकडाला बिब्ब्याचे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे, परंतु बिब्ब्याच्या रसाने त्वचेवर तीव्र फोड येतात. बोरिक आम्ल व टाकणखार यांचे द्रावण उघड्या, रंग न दिलेल्या लाकडात मुरते आणि वाळवीला उपयोगी प्रतिबंध करते. मात्र पाण्याने ते धुऊन निघत असल्याने घराबाहेरच्या लाकडाला त्याचा टिकाऊ उपयोग होत नाही.

कागदपत्रांचे रक्षण

कागदात सेल्युलोज असल्याने वाळवी तोही खाते. घराची दुरुस्ती करता येते, परंतु जमिनीचे जुने दस्त, हस्तलिखिते किंवा रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे नष्ट झाल्यास परत मिळत नाहीत. अशी कागदपत्रे भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच, धातूच्या कपाटात आणि कोरड्या जागी ठेवावीत. वर्षानुवर्षे न उघडलेले बासन सर्वाधिक धोक्यात असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक गठ्ठा उघडून पाहावा. पोथ्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची परंपरा आहे. तथापि ती नियमित तपासणीला पर्याय ठरत नाही. कागदपत्रांवर कीटकनाशक फवारू नये.

आरोग्य आणि पर्यावरण

पूर्वी वाळवीसाठी आल्ड्रिन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर यांचा मोठ्या प्रमाणावर वापर होत असे. ही द्रव्ये जमिनीत अनेक वर्षे टिकतात व सजीवांच्या शरीरातील चरबीत साठतात, हाच त्यांचा प्रभाव आणि हाच त्यांचा दोष. २००१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश झाला. क्लोरपायरिफॉस हे मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि बालकांच्या मेंदूच्या वाढीला त्यापासून धोका असल्याचे मानले जाते. अमेरिकेत २००० मध्ये त्याचे बहुतेक घरगुती उपयोग थांबवण्याचा निर्णय झाला.

विहिरीजवळ जमिनीत कीटकनाशक सोडल्यास पिण्याचे पाणी दूषित होऊ शकते. फवारणीच्या वेळी मुले, गर्भवती स्त्रिया आणि पाळीव प्राणी यांना दूर ठेवावे, अन्न व पाणी झाकावे आणि नंतर खोली हवेशीर करावी. उरलेले द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. भारतात कीटकनाशकांची विक्री व वापर यांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ या कायद्याने होते आणि व्यावसायिक कीड नियंत्रणासाठी परवाना आवश्यक असतो. उपचार करून घेण्यापूर्वी परवाना पाहून द्रव्याचे नाव व प्रमाण लेखी मागता येते.

निसर्गातील स्थान

रानात वाळवी मेलेले लाकूड व पालापाचोळा कुजवून त्यातील पोषकद्रव्ये मातीत परत मिसळते आणि तिच्या बोगद्यांमुळे पाणी जमिनीत मुरते. अनेक पक्षी, सरडे आणि खवले मांजर यांचे ती खाद्य आहे. त्यामुळे परिसरातील प्रत्येक वारूळ नष्ट करण्याची आवश्यकता नसते. घरापर्यंत येणारी तिची वाट बंद करणे बहुतेक वेळा पुरेसे ठरते.