वीस किलोंचं डंबेल आणि हौद्यातली माती

राजारामपुरीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याची खोली रिकामी झाली. तिथं ट्रेडमिल, एक बाक आणि दोन जोड डंबेल ठेवून घरच्या घरी व्यायामाची सोय करायचा त्यांचा बेत आहे. अडचण एकच. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला आहे, बराच खर्च करून हौसेनं घातलेला, आणि तो काढायला मन होत नाही. शिवाय खालच्या मजल्यावर एक आजारी आजोबा राहतात. ‘गालिच्यावर नेमकं काय अंथरू?’ ते विचारतात. ‘दुकानदार म्हणतो, या रंगीत फोमच्या चटया टाका, शंभर टक्के शॉकप्रूफ आहेत.’

शंभर टक्के शॉकप्रूफ असं काही नसतं. पण हा प्रश्न कोल्हापुरातून आला याचा मला मनापासून आनंद झाला. पडणाऱ्या वजनाखाली जमीन कशी असावी, याचा या गावाइतका विचार फार थोड्या गावांनी केला असेल. इथं तो विचार रोज पहाटे फावडं घेऊन केला जातो.

आधी हिशेब करू, अगदी शाळेतला. बाकावर बसून व्यायाम करताना 20 किलोंचं डंबेल अर्ध्या मीटरवरून हातातून सुटलं. जमिनीला टेकताना त्याच्यापाशी सुमारे 98 ज्यूल ऊर्जा असते. ती कुठंतरी जिरवावीच लागते, त्यातून सुटका नाही. ती किती अंतरात जिरते, यावर सगळं ठरतं. फरशी, तिच्याखालचं सिमेंट आणि लोखंड मिळून दोन मिलिमीटर दबलं असं उदारपणे धरलं, तरी थांबताना लागणारं सरासरी बल पाच टन वजनाइतकं भरतं. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या साधारण दोन बैलगाड्या त्या फरशीवर क्षणभर उभ्या केल्यासारखं. तेच डंबेल पाच सेंटिमीटर रुतून थांबलं, तर बल येतं सव्वादोन क्विंटलांच्या आत. वजन तेच, उंची तीच. फक्त थांबायला जागा मिळाली.

ही जागा सगळ्यात सुरेख रीतीनं देणारी वस्तू म्हणजे तालमीतली तांबडी माती.

शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. पुढं त्याच धर्तीवर 1912 साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं : मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. या मैदानाबद्दल लिहिणारे बहुतेक जण बैठकीबद्दल लिहितात, शेवटच्या माणसालाही कुस्ती कशी स्वच्छ दिसते त्याबद्दल. माझं मन मात्र मधल्या मातीत अडकतं.

गावातल्या एका जुन्या तालमीत मी मागच्या थंडीत पहाटे जाऊन बसलो होतो. जोर-बैठका सुरू व्हायच्या आधी दोन पोरं हौदा उकरत होती. एका कोपऱ्यातून सुरुवात, फावडं पातं बुडेपर्यंत आत, माती उलटी करायची, ढेकूळ दिसलं की फोडायचं. वस्ताद कडेला उभे होते. उकरून झाल्यावर ते खाली बसले, मूठभर माती उचलली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तळहातावर तसाच राहिला. मग अंगठ्यानं हलकेच ढकलला, तशी माती भुरभुरली. ‘झाली,’ एवढंच ते म्हणाले.

एका मुठीत त्यांनी दोन गोष्टी तपासल्या होत्या. गोळा होतो, म्हणजे कणांना धरून ठेवण्यापुरता ओलावा आणि तेल आहे. तो लगेच फुटतो, म्हणजे माती गच्च झालेली नाही. हौद्यात हळद, तेल, लिंबू, ताक, कापूर, कडुनिंबाचा पाला असं बरंच काही पडतं. हळद-कडुनिंबाच्या जंतुनाशक गुणांवर खूप बोललं जातं. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यात ते किती उतरतात, याबद्दल मी सावधच राहीन. तेलाबद्दल मात्र शंका नको. त्यामुळं धूळ उडत नाही आणि माती वाळून दगड होत नाही.

आणि खरी करामत फावड्याची आहे. मापट्यात ज्वारी भरताना मापटं दोनदा आपटलं की आणखी मूठभर मावते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. सारख्या आकाराचे गोल कण नुसते ओतून, हलवून, ठोकून कितीही बसवले, तरी ते जागेच्या सुमारे 64 टक्क्यांपुढं जात नाहीत, आणि सैल ओतलेले त्याहून बरेच कमी जागा व्यापतात. मधल्या पोकळ्या हीच मातीची खरी पुंजी. पैलवान पाठीवर आपटला की कण एकमेकांवर घासत त्या पोकळ्यांत सरकतात. लाखो कणांच्या घासण्यात धक्का विरून जातो आणि परत काहीच येत नाही. दुसऱ्या दिवशी पोकळ्या कमी झालेल्या असतात, म्हणून पुन्हा फावडं. कुठलाही थर एकदा अंथरला आणि जन्मभराचं काम झालं, असं होत नाही. तालमीनं हे कधीच गृहीत धरलेलं आहे.

‘परत काहीच येत नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घरी करून बघा. क्रिकेटचा चेंडू कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडा, मग गालिच्यावर, फोमच्या चटईवर आणि शेवटी कुंडीतल्या मोकळ्या मातीवर. फरशीवर तो टणकन उसळेल. मातीत ‘थप्प’ होऊन तिथंच बसेल. मधल्या दोघांवर किती उसळतो, ते नीट बघा. जितका उसळला तितकी ऊर्जा त्या थरानं जिरवली नाही, नुसती उसनी घेऊन परत केली. डंबेलच्या बाबतीत ती परतफेड आपल्या पायाच्या बोटांवर होऊ शकते.

मग मातीच का नको? तिसऱ्या मजल्यावर हौदा करता येत नाही, म्हणून. शिवाय मातीची एक दुसरी बाजू आहे आणि ती कोल्हापूरला चांगली ठाऊक आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, मातीत तयार झालेले. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांच्या सवयीची नव्हती, नियमही वेगळे. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. मातीत पाऊल रुतून आधार घेतं. मॅटवर ते वरच राहतं, आणि तळव्याच्या घर्षणावर सगळं चालतं. म्हणून तर महाराष्ट्र केसरीत आजही माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात. पाऊल कशावर उभं आहे यावर अख्खा खेळ बदलतो.

वजन उचलणाऱ्याचंही तेच. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य जिंकलं. त्यात क्लीन अँड जर्कमध्ये त्यानं 135 किलो डोक्यावर नेले होते. असं उचलणाऱ्याच्या पायाखाली स्पंज असता तर घोटे लटपटले असते. सरावाच्या ओट्यावर म्हणूनच मधोमध, पावलांखाली, टणक लाकूड असतं आणि जिथं वजन पडतं त्या दोन्ही बाजूंना जाड रबर. पायाला टणक आणि वजनाला मऊ, अशा दोन गरजा एकाच खोलीत असतात. गालिचा ही वाटणी करत नाही. तो पायाखाली दबतो, तोल ढिला करतो, आणि वजन पडलं की तंतू सपाट करून फरशीला धक्का जवळजवळ जसाच्या तसा पोचवतो. फोमच्या चटया योगासनांना उत्तम. पण त्यातले हवेचे बारीक कप्पे ट्रेडमिलच्या पायाखाली महिनोन् महिने चेपले की पुन्हा फुगत नाहीत, आणि त्यांना उकरायला फावडं चालत नाही.

राहतं रबर. इथं मला जॉन गफ या माणसाबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. इंग्लंडमधल्या केंडल गावचा हा विद्वान, लहानपणीच देवीच्या आजारात दृष्टी गेलेला. वनस्पती तो स्पर्शानं ओळखत असे. 1805 साली त्यानं रबराबद्दल एक निरीक्षण छापलं. त्यासाठी त्यानं वापरलेलं उपकरण होतं त्याचे ओठ. तुम्हीही आत्ता करून बघू शकता. एक रुंद रबरबँड ओठांना टेकवा, झटकन ताणा : ऊब जाणवते. ताणलेला क्षणभर तसाच धरा, मग झटकन सैल सोडा : गार लागतो. लोखंडाच्या स्प्रिंगमध्ये हे असं जाणवत नाही. रबराचे लांबच लांब रेणू गुंतलेल्या लोकरीसारखे असतात. ताणले की ओळीत येतात, सोडले की पुन्हा गुंत्यात जातात, आणि या जाण्यायेण्यात उष्णता खेळत राहते. ही गोष्ट डोळस शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली होती.

याच गफनं जॉन डाल्टनला शिकवलं, हवामानाची रोजनिशी लिहायची सवय लावली. अणूचा सिद्धान्त मांडणारा तोच डाल्टन. डाल्टननं पुढं ज्या मुलांना शिकवलं, त्यांत जेम्स ज्यूल होता. ज्यूलनं 1859 साली काटेकोर मोजमापं करून गफचं निरीक्षण खरं ठरवलं. आज आपण डंबेलची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतो, ते शिष्याच्या शिष्याचं नाव. गुरूचं नाव शाळेच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. रबराचा धडा शिकवताना शिक्षकांनी ते फळ्यावर लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली आणि ते टिकाऊ झालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की जाड, भरीव रबर दाबल्यावर घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. काही भाग रेणूंच्या घासाघासीत उष्णता होऊन आतच राहतो. जुन्या टायरांच्या भुकटीपासून केलेल्या काळ्या फरश्यांत तर दाण्यादाण्यांमधल्या घर्षणाचीही भर पडते. थोडीशी मातीसारखी चाल आहे ही. आपले 98 ज्यूल किलोभर रबरात सगळेच्या सगळे मुरले, तरी ते एका अंशाचा विसावा भागच तापेल.

आता तुमची खोली. रबर गालिच्यावर थेट टाकू नका. त्यातली रसायनं हळूहळू झिरपून कायमचे डाग पाडू शकतात, आणि खाली मऊ तर वर लवचीक असा थर डगमगतो. आधी पाण्याला टिकणारा 18-19 मिलिमीटरचा प्लाय टाका. ट्रेडमिल आणि माणूस मिळून 170 किलो धरले आणि चार पायांचं क्षेत्रफळ मिळून 100 चौरस सेंटिमीटर, तर गालिच्यावर दर चौरस सेंटिमीटरला 1.7 किलो दाब येतो. दोन मीटर बाय एक मीटरच्या प्लायवर तेच वजन बऱ्यापैकी पसरलं तर नऊ ग्रॅमही नाही. ट्रेडमिलच्या पोटात गालिच्याचे तंतू आणि धूळ जाणंही यानं बरंच कमी होतं. प्लायला खिळे नकोत, जोडांना पट्ट्या पुरतात.

त्यावर रबर. यासाठी व्यायामाच्या सामानाच्या दुकानातच जायला हवं असं नाही. आपल्याकडं गोठ्यात म्हशी-गायींच्या खाली अंथरायची जाड रबरी मॅट मिळते, साधारण साडेसहा फूट बाय चार फूट. चारपाचशे किलोंचं जनावर तिच्यावर दिवसभर उठतं, बसतं, खूर आपटतं. ती घासायला सोपी असते आणि खालचे-वरचे खाचे पाय घसरू देत नाहीत. नवीन असताना वास येतो. आठवडाभर गच्चीत सावलीला पसरून ठेवा. ट्रेडमिलखाली एक थर पुरे, डंबेलच्या जागी दोन. जिथं उभं राहून वजन उचलायचं तिथं मात्र दुसरा थर नको.

खालच्या आजोबांबद्दल. टकटक आणि खणखण रबर छान अडवतं. धप्प असा खोल आवाज अडवणं त्याला कठीण, कारण तो खुद्द स्लॅबच्या थरथरण्यातून येतो. स्लॅब सर्वांत जास्त हलतो तो मध्यभागी. म्हणून बाक आणि डंबेल खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, जिच्याखाली तुळई आहे त्या बाजूला ठेवा. हा बदल फुकटचा आहे आणि कुठल्याही महागड्या चटईइतका कामाला येतो.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात भिंतीसुद्धा ओल्या लागतात. रबर हवा आत-बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळं प्लायखाली गालिच्यात अडकलेली ओल बुरशी धरते. दर पंधरवड्याला एक कोरडा दिवस बघून मॅट उचला, प्लाय भिंतीला उभा करा, पंखा लावून गालिचा दुपारभर उघडा ठेवा. तंतू बोटांनी विंचरून उभे करा. हात खाली दाबून बघा, तळव्याला गारवा लागला तर आणखी एक दिवस थांबा.