अर्धा मेंदू पहाऱ्यावर

लातूरहून, नंदुरबारहून, गडचिरोलीहून दरवर्षी हजारो मुलंमुली शिकायला पुण्यात येतात आणि हॉस्टेलवरची पहिली रात्र कूस बदलत काढतात. लोखंडी कॉट, नव्या गादीचा वास, पलीकडे अनोळखी रूममेटचा श्वास. सकाळी कुणी विचारलंच, तर ‘जागा बदलली ना’ एवढ्यावर विषय संपतो.

जागा बदलल्यावर मेंदूत होतं काय, हे ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. ते वाचून मी थक्क झालो. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही अर्धगोल सारखे झोपत नाहीत. डाव्या बाजूच्या काही भागांत गाढ झोप कमी पडते. उजव्या कानात वेगळा आवाज पडला, की ती बाजू चटकन सावध होते. डॉल्फिन एका वेळी अर्ध्याच मेंदूने झोपतात. माणसातही त्याची पुसटशी छटा निघाली! त्याच लोकांना काही दिवसांनी पुन्हा तिथेच झोपवलं, तेव्हा हा फरक उरला नव्हता. घरापासून पहिल्यांदाच लांब झोपलेल्या मुलीला वाटत असतं, आपलंच मन कच्चं. प्रत्यक्षात तिचा अर्धा मेंदू तिच्यासाठी पहारा देत असतो.

दिवसा दुसरंच काम सुरू होतं. गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं. झाडी दाट, रस्ते सारखेच दिसणारे. पहिल्या आठवड्यात विभाग सापडतो तर ग्रंथालय हरवतं. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, अशा पेशी सापडल्या की उंदीर एका ठरावीक ठिकाणी आला की एक पेशी चेतते, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात अंतर आणि दिशेचं जाळं विणणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. माणसाच्या मेंदूतही अशा पेशी आढळल्या आहेत. आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: उंदीर दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र चेततात, त्या तो झोपल्यावर पुन्हा एकत्र चेततात. १९९४ मध्ये हे दिसून आलं. दिवसाच्या वाटा मेंदू झोपेत जणू पुन्हा चालतो. पहिल्या महिन्यात जागरणं करणाऱ्या मुलांना मी म्हणूनच कळकळीने सांगतो, बाबांनो, झोपा.

वाटा सापडतात, माणसांचं काय? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीत सैन्यातून परतलेले विद्यार्थी कुटुंबासह ज्या वसाहतीत राहत, तिथे लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैत्री कुणाची कुणाशी जमते, ते पाहिलं. सर्वाधिक जमली ती शेजारच्या दाराशी. दोन मजली इमारतींत जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त मिळाले, कारण वर जाणारा प्रत्येक जण त्यांच्या दारावरून जाई. आपल्या हॉस्टेलवर पाण्याच्या कूलरशेजारची खोली बघा. तिचं दार सहसा उघडं, आत कुणी ना कुणी बसलेलं.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्याने गावात आलेल्यांना आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारून वेळेचा अंदाज बांधला. ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. तेही वर्गात शेजारी बसण्याचे नव्हेत, सोबत मोकळेपणाने घालवलेले. मेसचं जेवण, नंतरचा फेरफटका, चहा धरून रोजचे दोन तास मोजले तरी शंभर दिवस झाले. जुलै-ऑगस्टला आलेल्या मुलांची त्या सुमारास दिवाळीची सुट्टी येते. सप्टेंबरमध्ये ‘इथे माझं कुणीच नाही’ म्हणून रडणाऱ्या मुलाला हा हिशोब कुणीतरी सांगायला हवा. त्याचे तास अजून भरायचे आहेत, एवढंच.

प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेल्यांचे तर आणखी उशिरा सुरू होतात. तोवर मेसमध्ये बाकीच्यांची टेबलं ठरून गेलेली असतात. त्या मुलांना कोपऱ्यातली उरलेली खोली देण्याऐवजी जिन्याजवळची, येण्याजाण्याच्या वाटेवरची द्यावी, असं मला फार वाटतं. रेक्टरांना ते एका यादीत जमण्यासारखं आहे.