फोर्थ सीटवर घडणारी मॅरेथॉन

"काय हो, आज किती?"

"दहा."

"एवढं पळून शेवटी लोकलच धरलीत ना!"

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत आमच्या ग्रुपचा हा ठरलेला संवाद. पहाटे पावणेपाचला उठायचं, नव्वद फुटी रस्त्यावर धावून यायचं, मग आंघोळ, डबा, स्टेशन. नशीब असेल तर फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा. तीही अर्धीच, एक पाय पॅसेजमध्ये. पुढे फोर्टात नऊ तास खुर्ची. पहाटेचा तो एक तास म्हणजे मॅरेथॉनची तयारी आणि बाकीचा दिवस म्हणजे तिच्या आड येणारी नोकरी, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. हिशेब उलटा आहे हे कळल्यापासून फोर्थ सीटवर टेकलो की मी स्वतःच्या पोटऱ्यांकडे जरा आदरानं बघतो.

धावून घरी परततो तेव्हा आपण निघतानाच्या मानाने दुबळे झालेले असतो. साखरेचा साठा उतरलेला, स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा, रक्तातलं पाणी घामावाटे गेलेलं. त्या तासाभरात आपण नुसती ऑर्डर देऊन आलेलो असतो. माल तयार होतो तो नंतर, आणि त्यासाठी शरीराला आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते: आता तरी गप्प बसा.

शाळेत 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून पाठ केलेल्या तंतुकणिका आठवतात? अमेरिकेत सेंट लुईसला जॉन हॉलोझी नावाच्या संशोधकाने उंदरांना आठवडेच्या आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. १९६७ साली त्याने जे छापलं त्याने या शास्त्राची दिशाच बदलली. पळालेल्या उंदरांच्या पायांच्या स्नायूंत, ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढण्याची ताकद जवळजवळ दुप्पट झाली होती. स्नायूंनी स्वतःच्या आत नव्या भट्ट्या बांधल्या होत्या! माणसातही हेच होतं. धावणं थांबल्यावर काही तास पेशीच्या केंद्रकातून नव्या तंतुकणिकांसाठी लागणाऱ्या प्रथिनांचे हुकूम सुटत राहतात. म्हणजे घाटकोपरला गर्दी आत घुसते आणि कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत बसतं, नेमक्या त्या वेळी पोटरीत बांधकाम सुरू असतं. त्यातून या तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात. तेव्हा पळण्याचं श्रेय द्यायचंच असेल तर आजोळला द्या.

या भट्ट्या कशासाठी, ते समजायला मध्य रेल्वेचा नकाशा पुरे. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. सीएसएमटीहून रुळांच्या कडेने धावत निघालो तर ती संपेल दिव्याच्या आसपास. धावायला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने किलोला आणि किलोमीटरला एक किलोकॅलरी. म्हणजे साठ किलोच्या माणसाला अख्ख्या शर्यतीसाठी अडीच हजार. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजन म्हणतात, तो असतो चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. नुसत्या त्यावर पळालं तर गाडी फार तर मुलुंड-ठाण्यापर्यंत जाऊन बंद पडते. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडीही ठाण्यापर्यंतच गेली होती, ३४ किलोमीटर. धावणारे ज्याला 'वॉल' म्हणतात ती भिंत तिथेच कुठेतरी उभी असते. पाय शिशाचे होतात, डोकं भलतंसलतं बोलायला लागतं.

आणि गंमत अशी की त्याच वेळी त्या माणसाच्या अंगावर दहा किलो चरबी असते. नव्वद हजार किलोकॅलरी! पस्तीस मॅरेथॉनना पुरेल एवढं इंधन अंगावर घेऊन तो उपाशी मरायला टेकलेला असतो, कारण चरबी जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि भट्ट्याही भरपूर लागतात. भट्ट्या वाढल्या की त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो, साखर जपून वापरली जाते आणि ठाण्याच्या पुढचं तिकीट मिळतं. ही वाढ मिळवायला दर वेळी जीव तोडून पळावं लागत नाही. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश धावलं तरी हुकूम सुटतात. उलट रोज दमछाक करून घेणारा नोकरदार चौथ्या आठवड्यात हमखास आजारी रजेवर असतो.

रक्ताचं काम सगळ्यात झटपट. पहिल्या आठवडाभरातच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. उकाड्यात धावलं तर ही वाढ आणखी होते. ऑक्टोबर हीटला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. आता तिला फुकटचा कोच म्हणतो. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दोन आठवड्यांत शरीर एवढं शिकतं.

हाडं मात्र सरकारी गतीने चालतात. इथेच मी मार खाल्ला. दोन महिन्यांत माझा दम असा सुधारला की मी आठवड्याचे किलोमीटर एकदम दीडपट केले, आणि उजव्या नडगीत आतल्या बाजूला एक बोट टेकेल एवढीच जागा ठणकायला लागली. जिना उतरताना जीव जायचा. डॉक्टरांनी बोटाने तिथेच दाबलं, मी ओरडलो, आणि सहा आठवडे धावणं बंद. चूक काय झाली ते नंतर समजलं. हाड मजबूत होण्याआधी पोखरलं जातं. हाड खाणाऱ्या पेशी आधी जुना भाग खणून काढतात, मग बांधणाऱ्या पेशी तो भरतात. हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड आपल्या रस्त्यांसारखंच असतं: खणून ठेवलेलं, अजून न बुजवलेलं. माझं हृदय तयार होतं आणि नडगीवर अजून 'काम चालू' अशी पाटी होती.

खरी रात्रपाळी झोपेत चालते. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोट रक्तात येतो आणि दुरुस्तीला जोर चढतो. म्हणून रात्री अकराचा ऑफिस कॉल घेऊन पहाटे पावणेपाचला धावायला निघणारा माणूस मला शिस्तीचा वाटत नाही. त्याने ऑर्डर दिली आणि कारखान्याला कुलूप लावलं. अशा दिवशी गजर बंद करून झोपावं, हे माझं ठाम मत.

नोकरी सांभाळून किती लांब जाता येतं याचा कळस म्हणजे जपानचा युकी कावाउची. सैतामा प्रांतातल्या सरकारी शाळेत कारकून. ड्यूटी दुपारपासून रात्रीपर्यंत, म्हणून व्यावसायिक धावपटूंसारखा दिवसातून दोनदा सराव नाही; बहुतेक दिवशी एकदाच, सकाळी. २०१३ साली सोलमध्ये हा माणूस २ तास ८ मिनिटं १४ सेकंदांत मॅरेथॉन धावला. मग आली २०१८ ची बॉस्टन. गारठवणारा पाऊस, समोरून वारा, नावाजलेले धावपटू एकेक करून बाहेर पडत होते आणि हा कारकून २:१५:५८ मध्ये जिंकला. बॉस्टनला जपानी पुरुष जिंकला तो १९८७ नंतर प्रथमच. तारीख होती १६ एप्रिल, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीचा वाढदिवस. याला काही अर्थ नाही, पण डोंबिवलीकराला सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढच्या वर्षी कावाउचीने नोकरी सोडली आणि तो पूर्णवेळ धावू लागला.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून अठरा आठवडे मागे मोजलेत की सप्टेंबरचा मध्य येतो. आधीपासून थोडंफार धावत असाल तर तेवढा वेळ पुरतो. नसाल तर यंदा अर्ध्या मॅरेथॉनचा फॉर्म भरा, नडगी दुवा देईल. आणि सकाळी आमच्या डब्यात याल तेव्हा जरा सरकून बसा. फोर्थ सीटवर पेंगणाऱ्याचं काम चालू असतं.